जुन्या बीएमएक्स जर्स्या आणि टी-शर्ट: या चुका टाळा

मी मूळची इचलकरंजीची. वस्त्रतंत्र शिकले आणि आता लॉस एंजेलिसला लागून असलेल्या व्हर्ननमध्ये कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करते. बीएमएक्सचं, म्हणजे २० इंची चाकांच्या छोट्या सायकलींवरच्या मातीतल्या शर्यती आणि कसरतींचं, वेड इथे आल्यावर लागलं. जुन्या जर्स्यांवर ज्या गावांची नावं असतात, लाँग बीच, सांता आना, टोरन्स, ती सगळी इथे तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमबाहेर आणि तिसऱ्या रविवारी लाँग बीचला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्या बाजारांत मी जुन्या बीएमएक्स जर्स्या आणि टी-शर्ट शोधत फिरते हे माझ्या पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांना कळलं, तेव्हापासून माझ्या फोनवर टी-शर्टांच्या फोटोंची रांग लागलेली असते. "ताई, हा ओरिजिनल आहे का?" "मावशी, डाग कसा काढू?" प्रश्न तेच, चुकाही त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

सगळा जुना काळ एकाच पातेल्यात घालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, तेव्हा हिच्यावर जरा वेळ घालवते.

पुण्यातल्या एका सायकल ग्रुपने सगळ्यांसाठी 'रेट्रो बीएमएक्स' टी-शर्ट छापायचं ठरवलं. डिझाइन ग्रुपमधल्याच एका मुलाने केलं. हात चांगला आहे त्याचा. छापायला द्यायच्या आदल्या रात्री मला फोटो आला, सोबत एक ओळ: "ताई, फक्त नजर टाका, सकाळी नऊला प्रिंटिंगला जातंय."

चित्रात काय नव्हतं ते विचारा. वर ठसठशीत अक्षरांत 'कॅलिफोर्निया, १९६९ पासून'. खाली पीके रिपर सायकल, तिच्या दोन्ही चाकांना पेग, आणि त्या पेगांवर जिन्याच्या रेलिंगवरून घसरत येणारा पोरगा. हँडलपुढच्या टोपलीत ई.टी., तो सिनेमातला परग्रहवासी. नंबर प्लेटवर १. मागे मावळता सूर्य आणि नारळाची दोन झाडं.

रात्रीचा स्वयंपाक बाजूला ठेवून मी एकेक सांगायला बसले.

पीके रिपर १९६९ची असूच शकत नाही. ती बनवणारी एसई रेसिंग ही कंपनी स्कॉट ब्राइटहॉप्टने १९७७मध्ये काढली. १९६९-७०च्या सुमाराला पोरं चालवत होती ती श्विनची स्टिंग-रे. १९६३मध्ये बाजारात आलेली, केळ्यासारखी लांब सीट आणि उंच हँडलवाली. मोटोक्रॉसवाल्या, म्हणजे मातीत मोटरसायकलच्या शर्यती करणाऱ्या, मोठ्या लोकांची नक्कल करायची म्हणून ही पोरं तीच सायकल मोकळ्या प्लॉटमधल्या मातीत उडवायची. ब्राइटहॉप्ट स्वतः तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. १९७०मध्ये त्याने लाँग बीचच्या अशाच एका रिकाम्या जागेत शर्यती भरवायला सुरुवात केली, आणि स्वतःला मोटरसायकल शर्यतींत मिळालेल्या ट्रॉफ्या बक्षीस म्हणून वाटल्या. तुम्हाला १९७० सालचा टी-शर्ट हवा असेल तर धूळ, जीन्स, साधा बनियनछाप टी-शर्ट आणि स्टिंग-रे काढा. छान दिसेल. पण तिथे अॅल्युमिनियमची, चपट्या नळीची, मागे वळसा घेतलेल्या शेपटीची पीके रिपर आणू नका.

शिवाय ते 'पीके' म्हणजे पेरी क्रेमर, एसईचा शर्यतपटू. एसईची एसटीआर-१ स्टू थॉमसेनच्या नावाची, आणि ओएम फ्लायरमधला 'ओएम' म्हणजे 'ओल्ड मॅन', खुद्द ब्राइटहॉप्ट. या सायकलींच्या नावांत माणसं आहेत. एसईच्या टी-शर्टवर उगाच दोन अक्षरं नसतात, त्यामागे एखाद्याचा गुडघा फुटलेला असतो. हे माहीत असलेला माणूस तो टी-शर्ट वेगळ्या तऱ्हेने बघतो, आणि माझ्या मते तोच असा टी-शर्ट घालायला लायक.

पेग. चाकाच्या आसाला लावायच्या या नळ्या फ्रीस्टाइलच्या, म्हणजे शर्यतीऐवजी कसरती करायच्या प्रकारातल्या. शर्यतीच्या सायकलीवर त्यांचं कामच नाही, उलट शेजारच्याच्या चाकात अडकतील. त्या रुळल्या ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, आणि त्यांवर रेलिंगवरून घसरणं हे त्याहूनही पुढचं. फ्रीस्टाइल वेगळी शाखा म्हणून उभी राहिली त्यात बॉब हॅरोचा मोठा वाटा. हा मुळात चित्रकार. 'बीएमएक्स अॅक्शन' मासिकासाठी चित्रं काढायचा आणि १९७८च्या सुमाराला घरीच नंबर प्लेट बनवून विकायला लागला. १९८२मध्ये त्याची फ्रीस्टायलर ही फ्रेम आली, कसरतींसाठीच बनवलेली. तेव्हा पेग काढायचे असतील तर त्याखाली हॅरोच्या पुढच्या काळातली सायकल काढा, रिपर नको.

ई.टी.च्या सिनेमातली सायकल अमेरिकन नाहीच. ती कुवाहाराची, जपानातल्या ओसाकाची, लाल-पांढरी, साल १९८२. दर दोन महिन्यांनी मला कोणीतरी 'ई.टी.ची माँगूस' म्हणून टी-शर्ट दाखवतं. माँगूस ही सायकल स्किप हेसच्या बीएमएक्स प्रॉडक्ट्स कंपनीची, सिमी व्हॅलीतली, १९७४मध्ये मोटोमॅग या ओतीव चाकांपासून सुरू झालेली. तिचा स्वतःचा इतिहास भरपूर आहे, तिला परग्रहवासी चिकटवायची गरज नाही.

नंबर १. ही प्लेट हौसेची नसते. वर्षभराच्या गुणांवर जो देशात पहिला येतो तो पुढचं वर्ष ती लावून फिरतो. कोणाही काल्पनिक पोराला ती लावली की जाणकार हसतात. मनाला येईल तो तीन आकडी नंबर टाका, कोणी काही म्हणणार नाही.

आणि नारळ! अरे बाबांनो, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची ती उंच सडपातळ झाडं नारळाची नाहीत. तो मेक्सिकन फॅन पाम, पंख्यासारख्या पानांचा. नारळ इथल्या थंड रात्रींत धड वाढतही नाही. या मुलाने गुहागरचा किनारा काढला होता आणि त्यावर कॅलिफोर्निया लिहिलं होतं.

एवढं सगळं टाइप केल्यावर उत्तर आलं: "ताई, रेट्रो फील आला की झालं ना? कोणाला कळतंय?"

टी-शर्ट तसेच छापले गेले. सकाळी नऊची वेळ गाठायची होती ना! पुढे बेंगळुरूत एका राइडला एका ऑस्ट्रेलियन सायकलवाल्याने त्यातल्या दोघांना उभं करून पुढून-मागून फोटो काढून घेतले, हसत हसत. पोरांना वाटलं, कौतुक चाललंय.

माझी सवय सांगते. डिझाइन करायचं असो की विकत घ्यायचं, आधी एक साल धरायचं. साल, फ्रेम आणि माणूस, तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. मग त्या सालची मासिकं बघायची: बॉब ऑसबर्नचं 'बीएमएक्स अॅक्शन' १९७६पासूनचं, 'बीएमएक्स प्लस' १९७८पासूनचं, 'फ्रीस्टाइलिन' १९८४पासूनचं. जुन्या अंकांची पानं शोधली की सापडतात. विंडी ऑसबर्नने काढलेले फोटो बघितलेत तर कापडाचा घोळ, कॉलरचा आकार, पँटच्या बाजूला उभी अक्षरं कशी असायची, सगळं कळतं. एक संध्याकाळ जाते. पण ज्यांना सकाळी नऊला प्रिंटिंगला द्यायचंय त्यांना संध्याकाळ नसते.

नव्वदच्या दशकाचं तर आणखी वेगळं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्रीस्टाइलची लाट ओसरली, मोठ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले, आणि चालवणाऱ्यांनीच स्वतःच्या कंपन्या काढल्या. ख्रिस मोलर आणि ग्रेग स्कॉट यांची एस अँड एम १९८७ची, ओक्लाहोमा सिटीच्या मॅट हॉफमनची हॉफमन बाइक्स नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. या लोकांचा पोशाख म्हणजे ढगळ काळे टी-शर्ट, फाटक्या जीन्स, स्केटचे बूट. निऑन रंगाची चुरचुरीत नायलॉन पँट घालून छातीवर एस अँड एमची ढाल मिरवणं म्हणजे त्यांनी ज्याला कंटाळून कंपनी काढली तेच त्यांच्या अंगावर चढवणं.

एकेरी शिलाई दिसली की उडी मारणं

कोणीतरी कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलंय की बाहीच्या टोकाला एकेरी शिलाई असली की टी-शर्ट जुना. अर्धं खरं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन टी-शर्टांच्या बाही आणि घेराला बहुतेक एकच शिलाई असायची, पुढे दुहेरी सुईची पद्धत सरसकट झाली. पण एकेरी शिलाई घालायला काय लागतं? एक मशीन आणि एक कारागीर. आज नवेकोरे टी-शर्ट मुद्दाम एकेरी शिलाईने शिवून, दगडांबरोबर धुऊन, 'व्हिंटेज' म्हणून विकले जातात.

मी शिलाई शेवटी बघते. आधी गळ्यातलं लेबल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यावर काय लिहायचं याचे सरकारी नियम आहेत, आणि ते नियम वेगवेगळ्या वेळी आले. धागा कुठला हे लिहिणं १९६०पासून बंधनकारक. धुण्याच्या सूचना १९७२पासून. अमेरिकेतच बनलेल्या कपड्यावरही तसं लिहिण्याची सक्ती १९८४ अखेरीस आली. आणि शब्दांऐवजी नुसती चिन्हं, ती बादली, त्रिकोण, इस्त्री, यांची परवानगी १९९७ची. म्हणजे एखाद्या '१९८३च्या' टी-शर्टवर एकही शब्द नसून नुसती बादली आणि इस्त्री असेल, तर तो १९८३चा नाही. गप्पा संपल्या. लेबलच्या जागी गळ्यावर थेट छापलेलं असेल तर ती पद्धत २००२च्या आसपास पसरली. आणि लेबलवर गिल्डन असेल तर विक्रेत्याला साल पुन्हा एकदा विचारा. त्यांच्या कोऱ्या टी-शर्टांवर छापणं जगभर रुळलं ते नव्वदच्या दशकानंतर.

लेबलवर आरएन आणि पुढे आकडा असतो. काही जण त्या आकड्याचं साल काढायला बसतात. तो नोंदणी क्रमांक आहे, कंपनीचा. कंपनी कधी नोंदली गेली याचा अंदाज येतो, शर्ट कधी शिवला याचा नाही. तो शोधून बनवणाऱ्याचं नाव मात्र सापडतं, आणि तेवढ्यानेच कितीतरी ठग पकडले जातात.

जांभळ्या दिव्याचा प्रकारही तसलाच. अंधारात अतिनील दिवा मारायचा, चमकला तर नवा, नाही चमकला तर जुना. आजच्या साबणचुऱ्यात कापड पांढरं दिसावं म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. चाळीस वर्षं जुना टी-शर्ट काल तुमच्या आईने धुतला असेल तर तो आज ट्यूबलाइटसारखा चमकेल. दिवा ठेवा, पण त्याच्यावर निकाल देऊ नका.

धागा जाळून बघणाऱ्यांविषयी मी काय बोलू? सुती-पॉलिएस्टर ओळखायला ठीक आहे, कारखान्यात आम्हीही करतो. पण विकत न घेतलेल्या शर्टाचा धागा विक्रेत्यासमोर ओढून काडी लावणारा एक इसम मी लाँग बीचला पाहिलाय. त्याला तिथून हाकललं, ते बरंच केलं.

किरकोळ, पण रोजच्या

आखूड बाहीची 'रेस जर्सी' घेणं. शर्यतीत लांब बाही आणि लांब पँट लागते, हा नियमच आहे. आखूड बाहीची असेल तर ती कोणीतरी नंतर कापली, किंवा फॅशनसाठी शिवली.

नव्या टी-शर्टाला सॅंडपेपर मारून किंवा चहात भिजवून जुना करणं. चहाचा रंग काखेत वेगळा बसतो, आणि जाणकाराला वास येतो.

वास घालवायला अत्तर मारणं. जुन्या बाजाराचा वास अत्तराखाली दबून बसतो आणि घाम आला की दोन्ही एकदम उठतात. सावलीत, वाऱ्यावर, आठवडाभर. दुसरा उपाय मी करत नाही.

पुण्याच्या एप्रिलमध्ये पॅडवाली नायलॉन जर्सी घालून राइडला जाणं. चक्कर येईल. चालवायला नवी प्रतिकृती घाला, जुनी घरी ठेवा.

दात्यांचे पेडल आणि जुनी पँट एकत्र वापरणं. ज्या दात्यांनी त्या काळी पोरांच्या नडग्या सोलल्या तेच आज कापड फाडतात. चेनच्या बाजूच्या पायावर तेलाचे डाग असतील तर ते काढू नका, उलट त्यासाठी मी दोन पैसे जास्त देते.

आतला फोम न तपासता धुणं

आता दुसरी मोठी. ही चूक आपल्याकडच्या हवेत जास्त महाग पडते.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा ठाण्याला असतो. त्याला मी इथून एक जर्सी नेऊन दिली होती. कुठल्या मोठ्या ब्रँडची नव्हे, ऐंशीच्या दशकातल्या एका सायकल दुकानाच्या संघाची. मला अशाच आवडतात. जाळीदार कापड, कोपरांना पॅड, पाठीवर चालवणाऱ्याचं आडनाव उष्णतेने चिकटवलेल्या अक्षरांत. देताना बजावलं होतं: "पिशवीत ठेवू नकोस. धुवायची वेळ आली तर आधी मला फोन कर." "हो मावशी" म्हणाला. पोरं 'हो मावशी' फार गोड म्हणतात.

जर्सी गेली प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर, माळा पत्र्याखाली. वर अख्खा पावसाळा. दिवाळीच्या आधी कुठल्याशा राइडचं ठरलं, तेव्हा याने ती काढली. थोडी कुबट वास मारत होती म्हणून मशीनमध्ये टाकली. कोमट नाही, गरम पाण्यात. 'क्विक वॉश'वर. लवकर झालं पाहिजे ना.

मग मला व्हिडिओ कॉल. "मावशी, याच्यातून काहीतरी पिवळं-तपकिरी येतंय. चिकट आहे. ड्रमलाही लागलंय."

ते काय होतं ते सांगते. त्या काळच्या जर्सी आणि पँटच्या पॅडमध्ये बहुतेक पॉलियुरेथेनचा फोम असतो. हा फोम अमर नाही. हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो, उष्णता त्याला मदत करते. आधी लवचिकपणा जातो, मग भुगा होतो, मग चिकट गाळ. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत चाळीस वर्षं कशीबशी तगलेला फोम ठाण्याच्या एका पावसाळ्यात, तोही हवाबंद पिशवीत, खचला. मशीनने घुसळल्यावर तो अस्तराच्या विणीतून बाहेर आला आणि जाळीच्या भोकाभोकांत बसला. जाळीतून तो निघत नाही. मी प्रयत्न केलेल्यांचे हात बघितलेत.

तिथेच थांबला असता तरी निम्मी जर्सी वाचली असती. पण मशीनच्या गरम पाण्यात पाठीवरची अक्षरं मऊ झाली होती, आणि पिळताना ती एकमेकांना चिकटली. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि शेवटची दोन, तोंडाला तोंड. मला विचारायच्या आधी त्याने ते 'सरळ करायला' कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दिलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला चादरी येतात, शाळेचे गणवेश येतात. त्याने कोळशाची इस्त्री टेकवली. अक्षरं इस्त्रीला लागून आली, आणि खालची नायलॉनची जाळी आवळून गोळा झाली.

"मावशी, काही होईल का?"

काही झालं नाही.

तेव्हा पॅडवाला कोणताही जुना कपडा हातात आला की आधी पॅड दोन बोटांत दाबायचं. लगेच फुगून वर आलं तर ठीक. दबलेलंच राहिलं, आत कुरकुर लागली, किंवा अस्तरावर पिवळसर भुकटी दिसली, तर पाण्याला हात लावायचा नाही. मी अस्तराची एक बाजू उसवते, तीही जुन्याच भोकांवरून, म्हणजे परत तिथूनच शिवता येते. फोम कोरडाच काढते. राहिलेला भुगा व्हॅक्यूमने, नळीच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधून, म्हणजे कापड ओढलं जात नाही. मग धुणं. मग आत पॉलिएथिलीनचा नवा फोम कापून घालायचा, ज्या पांढऱ्या फोमात आपल्याकडे टीव्ही-फ्रिज गुंडाळून येतात तोच चालतो. काही संग्राहक म्हणतात फोम बदलला की वस्तू 'मूळ' राहत नाही. त्यांनी आपला गाळ सांभाळावा.

उसवायला कंटाळा येतो हे मला माहीत आहे. 'ताई, शॉर्टकट सांगा ना' असंही येतं. शॉर्टकट एकच: धुऊ नका. टांगून ठेवा, बघत बसा.

छपाईवर इस्त्री, नायलॉनला ब्लीच आणि इतर घरगुती उपचार

टी-शर्टवरची जाडसर, रबरी वाटणारी छपाई म्हणजे प्लॅस्टिसोल. पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य. छापताना ते साधारण १६० अंश सेल्सिअसला शिजवून पक्कं करतात, पण पक्कं झालं तरी उष्णतेने ते पुन्हा मऊ होतं. म्हणून इस्त्री टेकली की ओढलं जातं. उलट्या बाजूने, खाली सुती कापड घालून, कमी आचेवर. मी तर छपाईवर इस्त्री करतच नाही. चुरगळलेला जुना टी-शर्ट हा काही गुन्हा नाही.

छपाईला भेगा पडतात त्या ते मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं निघून गेल्यामुळे. त्या तेल लावून भरत नाहीत. हो, खोबरेल तेल लावणारे आहेत. तेल कापडात उतरतं आणि अक्षरांभोवती कायमचं कडं राहतं.

पांढरी नायलॉन जर्सी पिवळी पडली की ब्लीच घालणं हा हमखास घोळ. क्लोरीनवालं ब्लीच नायलॉनला आणखी पिवळं करतं आणि धागा कमजोर करतं. नीळ घातली तर निळसर-पिवळी, म्हणजे मळकट हिरवी दिसते. मी थंड पाण्यात, उलटं करून, सौम्य द्रव साबणाने हातानेच धुते. पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते. सावलीत आडवं पसरून वाळवते. दोरीवर चिमटे लावून टांगलं की ओल्या वजनाने गळा लोंबतो, तो परत येत नाही. लाल-पांढरी जर्सी असेल तर वाळेपर्यंत दोन रंग एकमेकांवर दुमडू देऊ नका.

ठेवताना छपाईवर घडी घालू नका, मे महिन्यात कपाटात छपाईला छपाई चिकटते. मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालून गुंडाळी करा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आणि डांबरगोळ्या? नायलॉन-पॉलिएस्टरला कसर लागत नाही, मग त्या कोणासाठी ठेवताय? त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या वस्तूंना बरी नाही, वास वेगळाच.

मापाचा गोंधळ

लेबलवरच्या 'एल'वर विश्वास ठेवून मागवलेले टी-शर्ट भाच्यांना वाटावे लागतात. जुना लार्ज आजच्या मीडियमला जातो, त्यात धुऊन धुऊन आटलेला. जर्स्यांचं तर विचारूच नका. हा खेळ मुळात पोरांचा होता, त्यामुळे बाजारात येणाऱ्या बऱ्याच जर्स्या दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या असतात. तुम्हाला नीट बसणारा एक टी-शर्ट टेबलावर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा, आणि विक्रेत्याकडून तेच माप मागा. उंची गळ्याच्या शिलाईपासून घेरापर्यंत. जर्सी मागून लांब असते, वाकल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून, तेव्हा माप मागच्या बाजूचं घ्या.

'बंद पडलेली कंपनी आहे, कोण विचारतंय'

हे वाक्य मला दर खेपेला ऐकवलं जातं. कोणीतरी जुना लोगो नेटवरून काढतो, शंभर टी-शर्ट छापतो आणि विकायला बसतो. एसई, हॅरो, एस अँड एम यांची नावं आजही चालू आहेत, त्यांचे स्वतःचे टी-शर्ट मिळतात. गॅरी टर्नर आणि रिचर्ड लाँग यांची, १९७९ची, जीटीसारखी नावं पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण मालक आहेच. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांच्या चासी वेल्ड करणारा माणूस आपल्या मुलासाठी सायकलची फ्रेम बनवतो, तिथून जीटी सुरू होते. असा इतिहास आवडतो म्हणता आणि त्याचाच ट्रेडमार्क फुकट उचलता, हे मला पटत नाही. स्वतःचं डिझाइन करा. मातीचा ट्रॅक, धूळ, २० इंची चाक, यांच्यावर कोणाचा हक्क नाही.

विकत घेण्याआधी मागायचे फोटो

पुढून-मागून पूर्ण. गळ्याचं लेबल दोन्ही बाजूंनी. बाहीच्या आणि घेराच्या शिलाईचा जवळून. छपाई उलट बाजूने, कारण जुन्या कापडावर शाई किती उतरलीय ते आतूनच कळतं. पॅड असतील तर अस्तराचा, आणि पॅड बोटाने दाबून सोडतानाचा छोटा व्हिडिओ. काख, कॉलर, कफ. टेप लावलेला एक. एवढं मागितल्यावर विक्रेता 'आणखी तिघं विचारतायत, लवकर सांगा' म्हणाला, तर मी त्याला त्या तिघांनाच द्यायला सांगते.